एका वर्षाची मुदत

गेल्या पाडव्याच्या कार्यक्रमात आपल्या मंडळातल्या एका मुलीने गिटार घेऊन तीन गाणी म्हटली. तुमच्यापैकी पुष्कळांनी ती ऐकली असतील. काही मंडळी त्या वेळी बटाटेवड्यांच्या रांगेत होती, हेही मला माहीत आहे, कारण मी त्याच रांगेतून ऐकत होतो. शब्द तिचे स्वतःचे, बहुतेक इंग्रजी. मधल्या गाण्याची चाल मात्र तिच्या पणजीच्या जात्यावरच्या ओवीची होती. रांगेत दोन शेरे कानावर आले. एक, ‘चाल तर जुनीच आहे.’ दुसरा, ‘कॉलेज सोडलंय म्हणे.’ तिचे वडील माझ्या पुढेच उभे होते. त्यांनी ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं.

निघताना त्यांनी मला गाडीपाशी गाठलं. मुलीने कॉलेज सोडलेलं नाही, एक वर्षाची रजा घेतली आहे. घरातल्या घरात चार गाणी ध्वनिमुद्रित करून तिने ती स्वतःच प्रसिद्ध केली आहेत. ह्या प्रकाराला आजची मुलं ‘इंडी’ म्हणतात. आणि गाण्यांवर नाव घातलंय ते अर्धंच, आडनाव गाळलंय. हे तिसरं त्यांना सगळ्यात लागलं होतं, असं मला वाटलं. ते म्हणाले, ‘‘सर, तुम्ही इतिहासाचे. ह्यात कुणाचं बरं झालंय का, ते सांगा.’’

मी त्यांना एका दुकानदाराची गोष्ट सांगायला लागलो. वारा फार होता, गोष्ट अर्धीच राहिली. ती इथे पुरी करतो, कारण त्यांच्यासारखे आईवडील आपल्यात आणखीही असणार, आणि तिच्यासारखी मुलंही.

दुकानदाराचं नाव एब झिमरमन. मिनेसोटाच्या उत्तर भागात हिबिंग नावाचं लोखंडाच्या खाणींचं गाव आहे. खाण इतकी पसरत गेली, की १९१९पासून मूळ गावच उचलून दक्षिणेला न्यावं लागलं. घरंच्या घरं ओंडक्यांवरून ओढत नेली. एबचे आईवडील ओडेसाचे. तिथे १९०५मध्ये ज्यूंच्या कत्तली झाल्या, त्यानंतर ते अमेरिकेत आले. म्हणजे एब इथली दुसरी पिढी. डुलूथ शहरात तेलकंपनीत त्याची बरी नोकरी होती. १९४६मध्ये पोलिओ झाला, ती गेली, आणि तो हिबिंगला येऊन भावांबरोबर विजेच्या उपकरणांच्या दुकानात उभा राहिला. थोरला मुलगा रॉबर्ट, जन्म २४ मे १९४१. मुलगा शिकावा, यापलीकडे एबचं काही मागणं नव्हतं. ही माणसं तुमच्या ओळखीची वाटत असतील तर त्यात नवल नाही.

रॉबर्ट १९५९च्या शरद ऋतूत मिनिआपोलिसला विद्यापीठात दाखल झाला. वर्गात फारसा गेला नाही. विद्यापीठालगतच्या डिंकीटाउन वस्तीतल्या कॉफीच्या दुकानांत गिटार घेऊन बसू लागला, आणि विचारणाऱ्याला आपलं नाव बॉब डिलन असं सांगू लागला. ऐकण्याची भूक अशी, की एका ओळखीच्या माणसाच्या घरून त्याने बऱ्याच दुर्मीळ तबकड्या न विचारता उचलल्या. तो माणूस पुढे म्हातारपणीही माहितीपटात ते सांगताना दिसतो. ह्याचं समर्थन मी करत नाही. पण तो काय चोरत होता, तेही बघा: डोंगराळ मुलखातल्या, कापसाच्या शेतांतल्या, तुरुंगांतल्या माणसांची गाणी.

पहिलं वर्ष संपल्यावर त्याने शिक्षण सोडलं. बापलेकांत एक करार झाला. एबनेच तो पुढे चरित्रकार रॉबर्ट शेल्टनला सांगितला आहे: एक वर्ष तुला हवं ते कर, वर्षाअखेरीस आमचं समाधान झालं नाही, तर परत कॉलेजात. करारात आरडाओरडा नाही, ‘तोंड दाखवू नकोस’ नाही. व्यापाऱ्याने उधारीला घालावी तशी मुदत आहे. मला हा माणूस ह्या एका वाक्यामुळे आवडतो. बंदीही नाही आणि ‘तुझ्या मनाला येईल ते कर’ ही मोकळीकही नाही, तारीख आहे. मुलगा तारखेच्या आत काहीतरी करून दाखवायला निघतो.

२४ जानेवारी १९६१च्या सुमारास, एकोणीस वर्षांचा असताना, तो न्यू यॉर्कला पोचला. त्या हिवाळ्यात इथे विलक्षण थंडी होती. मालगाडीतून लपून आलो, असं तो पुढे सांगत असे. प्रत्यक्षात कुणाच्या तरी मोटारीतून आला होता. ग्रीनिच व्हिलेजमधल्या मॅकडूगल स्ट्रीटवरच्या ‘कॅफे व्हा?’मध्ये त्याने लगेच हजेरी लावली. तिथे दुपारी कुणीही चढून गावं, प्रेक्षकांत टोपली फिरायची, तिच्यात पडेल ती कमाई. आपल्याकडे तमाशाच्या फडात दौलतजादा होते ती निदान नोटांची. इथे चिल्लरच फार.

पण न्यू यॉर्कला येण्याचं त्याचं खरं कारण नदीच्या ह्या बाजूला होतं, आपल्या न्यू जर्सीत. मॉरिस प्लेन्सचं ग्रेस्टोन पार्क मनोरुग्णालय तुम्हांला ठाऊक असेल. १८७६मध्ये उघडलेली ती अवाढव्य दगडी इमारत २०१५मध्ये पाडली; पार्सिपनीत घर घेतलेल्या आपल्या मंडळींनी ती शेवटच्या वर्षांत खिडक्या फुटलेल्या अवस्थेत पाहिली असेल. तिथे १९५६पासून वुडी गुथ्री होता. ओक्लाहोमाचा हा गायक दुष्काळात देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्यांची, बेकारांची, संपकऱ्यांची गाणी रचून गावोगाव हिंडला होता. त्याला वेड लागलं नव्हतं. हंटिंग्टन नावाचा मज्जासंस्थेचा आनुवंशिक आजार होता, जो त्याच्या आईलाही झाला होता. अंग ताब्यात राहत नाही, हात झटके देतात, हळूहळू बोलणं जातं. गिटार कधीच सुटली होती.

मॅनहॅटनच्या पोर्ट ऑथॉरिटीवरून बस, दीड तासाचा प्रवास, मग टेकडी चढून रुग्णालय. बरोबर वुडीसाठी रॅले सिगरेटी. आणि तिथे जाऊन तो काय करायचा? स्वतःची गाणी ऐकवायचा नाही. वुडीची गाणी वुडीला म्हणून दाखवायचा. ज्याला आता गाता येत नाही, त्याला त्याचंच गाणं परत द्यायचं. ईस्ट ऑरेंजमधलं एक जोडपं दर रविवारी वुडीला आपल्या घरी आणत असे. तिथे पीट सीगरसारखी माणसं जमत. हा पोरगा तिथेही कोपऱ्यात बसलेला असायचा. मी कॉलेजात शिकवत असताना विद्यार्थ्यांना विचारायचो, की करिअर सुरू करायला माणूस आधी कुठे जातो? कुणी ‘एजंटाकडे’ म्हणायचं, कुणी ‘स्टुडिओत’. मनोरुग्णालय कुणीच म्हणत नसे.

फेब्रुवारीत त्याने ‘साँग टू वुडी’ हे गाणं लिहिलं. आता त्या रांगेतल्या पहिल्या शेऱ्याकडे येऊ. ह्या गाण्याची चाल वुडीच्याच ‘१९१३ मॅसेकर’ ह्या गाण्याची आहे. आणि वुडीने तरी काय केलं होतं? त्याच्या सगळ्यात गाजलेल्या ‘धिस लँड इज युअर लँड’ची चाल कार्टर कुटुंबाने गायलेल्या एका भक्तिगीतावरून आलेली आहे. डिलनचं ‘ब्लोइन इन द विंड’ ‘नो मोअर ऑक्शन ब्लॉक’ ह्या गुलामांच्या गाण्यावरून आलं. हे त्याने स्वतःच सांगितलंय. लोकगीताच्या परंपरेत चाल ही सार्वजनिक विहिरीसारखी असते. पोहरा ज्याचा त्याने आणायचा. हे आपल्याला कळायला जड जाऊ नये. सत्यशोधकी जलशांपासून भीमगीतांपर्यंत, ओळखीची चाल आणि नवे शब्द, हाच आपल्याकडेही लोकांपर्यंत पोचण्याचा रस्ता राहिला आहे. पणजीची ओवी न्यू जर्सीतल्या पणतीने उचलली, तर तिने काही वेगळं केलं असं मला वाटत नाही.

अर्थात विहिरीवर भांडणंही होतात. डेव्ह व्हॅन राँक हा व्हिलेजमधला थोरला गायक. डिलन त्याच्या घरी सोफ्यावर झोपायचा. ‘हाउस ऑफ द रायझिंग सन’ ह्या जुन्या गाण्याला व्हॅन राँकने गिटारची नवी बांधणी दिली होती. डिलनने ती आपल्या पहिल्या तबकडीसाठी म्हटली आणि मग विचारायला गेला, ‘घेऊ का?’ व्हॅन राँक स्वतःच ती लवकरच ध्वनिमुद्रित करणार होता. पुढे लोक त्यालाच म्हणू लागले, की हे तर डिलनचं. त्याला ते गाणं सोडावं लागलं. १९६४मध्ये इंग्लंडच्या ‘अ‍ॅनिमल्स’ने तेच गाणं जगभर गाजवलं, आणि आता डिलनला लोक म्हणायला लागले, की हे तर अ‍ॅनिमल्सचं. त्यानेही सोडलं. व्हॅन राँक ही हकिगत हसत सांगत असे.

त्या शहरात होतं तरी काय, की एक वर्ष पुरावं? हा प्रश्न मला इतिहासाचा माणूस म्हणून जास्त महत्त्वाचा वाटतो. प्रतिभा कुठेही जन्मते, हिबिंगमध्येही. पण व्हिलेजमध्ये चालत दहा मिनिटांच्या अंतरात टोपलीवाले कॅफे होते. मॅकडूगल स्ट्रीटवर इझी यंगचं ‘फोकलोअर सेंटर’ होतं. नावाला पुस्तकांचं आणि तबकड्यांचं दुकान, प्रत्यक्षात चावडी. वॉशिंग्टन स्क्वेअरच्या कारंज्याभोवती रविवारी लोक गात. त्या वसंतात पालिकेने तिथे गाण्याचा परवाना नाकारला, तर ९ एप्रिल १९६१ला हाच इझी यंग मोर्चा घेऊन गेला. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, पण काही आठवड्यांत परवानगी परत मिळाली. बसून गायची जागा ही सुद्धा कुणीतरी भांडून राखलेली असते.

आणि वेस्ट फोर्थ स्ट्रीटवर माइक पोर्कोचं ‘गर्डीज फोक सिटी’ होतं. पोर्को इटलीतून आलेला खाणावळवाला. लोकसंगीतातलं त्याला फार कळत होतं असं नाही, पण सोमवारी रात्री नवख्यांना मंच मोकळा ठेवायचं त्याने ठरवलं होतं. ११ एप्रिलपासून जॉन ली हूकर ह्या मोठ्या ब्लूज गायकाच्या आधी गायचं काम त्याने डिलनला दिलं. त्यासाठी संघटनेचं सभासदत्व लागे, पोलिसांकडून कॅबरे कार्ड लागे. मुलगा एकवीसच्या आतला. पालकाची सही हवी. मुलगा म्हणाला, मला आईवडील नाहीत. पोर्कोने पालक म्हणून सही केली.

हे वाक्य लक्षात ठेवा. पुन्हा येणार आहे.

सप्टेंबरअखेर गर्डीजमध्येच ‘ग्रीनब्रायर बॉइज’ ह्या मंडळींच्या आधी तो गात होता. ‘न्यू यॉर्क टाइम्स’चा समीक्षक रॉबर्ट शेल्टन आला. २९ सप्टेंबरच्या अंकात त्याने मुख्य मंडळींना बाजूला ठेवून ह्या वीस वर्षांच्या पोरावरच मुख्यतः लिहिलं, फोटोसकट. आवाज गोड नाही, हे स्पष्ट लिहिलं, आणि हा आपल्या पूर्वायुष्याबद्दल नीट बोलत नाही, हेही टिपलं. लोकसंगीताच्या छोट्या कंपन्यांनी त्याला तोवर दारातून परत पाठवलं होतं, आणि ‘कोलंबिया’ ह्या थोरल्या कंपनीच्या जॉन हॅमंडने करार पुढे केला. आजच्या ‘इंडी’ पिढीने ह्यावर विचार करावा. छोटं दुकान म्हणजे धाडसी आणि मोठं म्हणजे भित्रं, असं नेहमीच नसतं. आत कोण बसलाय त्यावर असतं. हॅमंडने तीस वर्षांपूर्वी बिली हॉलिडेला ऐकून ओळखलं होतं. त्याला कान होता.

हॅमंडनेही विचारलं, करारावर सही करायला आईवडील? नाहीत, असं उत्तर मिळालं.

४ नोव्हेंबरला इझी यंगने त्याच्यासाठी कार्नेगी चॅप्टर हॉल भाड्याने घेतला. कार्नेगीच्या इमारतीतलाच, पण वरचा छोटा सभागार. तिकीट दोन डॉलर. प्रेक्षक आले त्रेपन्न. ‘टाइम्स’मध्ये इतकं छापून आल्यावर पाच आठवड्यांनी त्रेपन्न! इझी यंगला पदरचे पैसे घालावे लागले. २० आणि २२ नोव्हेंबरला तबकडीचं काम झालं. हॅमंडच्या म्हणण्याप्रमाणे खर्च ४०२ डॉलर. तेरा गाण्यांत स्वतःची दोनच. ती १९ मार्च १९६२ला बाजारात आली आणि पहिल्या वर्षात जेमतेम पाच हजार खपली. कंपनीत लोक त्याला ‘हॅमंडचा मूर्खपणा’ म्हणू लागले.

पैशाचं म्हणाल तर, १९६२च्या जानेवारीत गाण्यांच्या प्रकाशनहक्कांपोटी त्याला आगाऊ शंभर डॉलर मिळाले. काही महिन्यांतच हजार डॉलर देऊन त्या करारातून बाहेर पडावं लागलं. पुढे डिसेंबर २०२०मध्ये त्याने सहाशेहून जास्त गाण्यांचे हक्क विकले, त्या रकमेचे आकडे वर्तमानपत्रांत गाजले. पण ते साठ वर्षांनी. मुलांनो, कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तो एखाद्या वकिलाला दाखवा; मंडळात दर टेबलाला एक सापडेल.

हिबिंगमध्ये एबने काय केलं? त्याने ‘टाइम्स’मधला तो फोटो आणि मजकूर पाहिला. मुदतीतले आठ महिने झाले होते. ज्याचा फोटो न्यू यॉर्कच्या वर्तमानपत्रात दोन स्तंभ मजकुरासह येतो, त्याचं बरं चाललंय असं समजायला हरकत नाही, असा हिशेब त्याने केला. करार पाळला गेला, कॉलेजचा विषय संपला. आवाज चांगला की वाईट ह्यात तो पडला नाही.

मी इथे थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. त्या दिवशी गाडीपाशी इथवरच सांगून झालं होतं.

ऑगस्ट १९६२मध्ये रॉबर्ट झिमरमनने कोर्टात जाऊन बॉब डिलन हे नाव कायदेशीर करून घेतलं. नाव बदलणं ही अमेरिकेतल्या स्थलांतरितांची जुनी गोष्ट आहे आणि मनोरंजनाच्या धंद्यात तर ज्यू आडनाव टाकणं सर्रास होतं. एबला ते सोसलं असतं. पण मुलगा नुसतं आडनाव टाकून थांबला नाही. तो लोकांना सांगत होता, की मी न्यू मेक्सिकोतल्या गॅलपचा, सर्कशीबरोबर हिंडलो, घरचं कुणी नाही. वुडी गुथ्रीचं आयुष्य धुळीचं, रस्त्याचं होतं. दुकानदाराच्या नीटनेटक्या घरातून आलेल्या मुलाला स्वतःकडे तसं काही नाही याची लाज वाटली असावी, असा माझा तर्क आहे. गाणी खरी आणि चरित्र खोटं, अशी ती अवस्था.

१९६३ हे त्याचं वर्ष. मे महिन्यात एड सलिव्हनच्या दूरचित्रवाणीवरच्या कार्यक्रमात आयत्या वेळी एक गाणं गाऊ नको म्हटल्यावर तो उठून निघून गेला. त्याच महिन्यात दुसरी तबकडी आली. ह्या वेळी तेरांतली अकरा स्वतःची. उन्हाळ्यात ‘पीटर, पॉल अँड मेरी’ने ‘ब्लोइन इन द विंड’ घराघरांत नेलं. २८ ऑगस्टला वॉशिंग्टनच्या मोर्चात, जिथे मार्टिन ल्यूथर किंग बोलले, तिथे तो गायला. आणि २६ ऑक्टोबरला कार्नेगी हॉल. ह्या वेळी वरचा छोटा नव्हे, खालचा मोठा.

त्या कार्यक्रमाला त्याने आईवडिलांना हिबिंगहून बोलावून घेतलं होतं. एब आणि बीटी झिमरमन न्यू यॉर्कला उतरले होते. त्याच सुमारास ‘न्यूजवीक’च्या प्रतिनिधीशी बोलताना मात्र तो म्हणाला, की आईवडिलांशी माझा काही संबंध उरलेला नाही. आठवड्याभरात, ४ नोव्हेंबरच्या अंकात, साप्ताहिकाने सगळं छापलं: खरं आडनाव, हिबिंग, वडिलांचं दुकान, आणि ते दोघे कार्यक्रमासाठी इथेच येऊन उतरले होते हेही. त्याच लेखात ‘ब्लोइन इन द विंड’ न्यू जर्सीतल्या एका शाळकरी मुलाने लिहिलं, ही अफवाही होती. ती धादांत खोटी होती. त्या मुलाने पुढे स्वतःच तसं कबूल केलं. पण खोट्या अफवेबरोबर खऱ्या गोष्टी छापून आल्या, की खऱ्याचंही उत्तर देता येत नाही. डिलन फार चिडला. त्यानंतर पत्रकारांशी तो सरळ असा क्वचितच बोलला.

एबने तो अंक वाचला असणारच. मुलगा आपल्याला खर्च करून बोलावतो, आणि बाहेर जाऊन हे आपले कोणी नाहीत म्हणतो. कुठल्या खुणेवर विश्वास ठेवायचा? मी स्वतः बाप आहे, आजोबा आहे. मला वाटतं त्याने तिकिटांवर ठेवला असेल. जून १९६८मध्ये एब हृदयविकाराने गेला. मुलगा हिबिंगला आला आणि दफनाला उभा राहिला. त्याच्या आठ महिने आधी वुडी गेला होता. २००४मध्ये डिलनचं आत्मकथन प्रसिद्ध झालं, त्यात वडिलांबद्दल तो आदराने लिहितो. ते वाचायला वडील नव्हते.

तर, त्या मुलीच्या वडिलांना मी आता फोन करून उरलेली गोष्ट सांगितली आहे. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘आडनाव नसलं तरी चालेल. विचारलं तर आमचं नाव सांगते का, एवढंच बघायचंय.’’ मी मुलीलाही विचारलं. ती हसली आणि म्हणाली, की आडनाव लोकांना उच्चारता येत नाही म्हणून काढलं. ओवी कुणाची ते मात्र प्रत्येक कार्यक्रमात पणजीच्या नावासकट सांगते. पाडव्यालाही सांगितलं होतं. मी तेव्हा वड्यांच्या रांगेत होतो.

तिच्या रजेतले सात महिने गेले आहेत. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी दुपारी तीन वाजता गावच्या वाचनालयाच्या तळघरातल्या खोलीत तिचा पहिला पूर्ण कार्यक्रम आहे. खुर्च्या साठ आहेत. आमच्या दोन धरून अजून अठ्ठावन्न उरतात.